पिशवी पडेपर्यंत

सेफ्टी बुटाच्या टोकातली पोलादी टोपी काढायला भाजी चिरायची सुरी चालत नाही, हे ठोकसाहेबांना एका रविवारी दुपारी कळलं. तोवर सुरीचं टोक मोडलं होतं, ओट्यावर ओरखडा उमटला होता आणि डाव्या हाताच्या बोटातून रक्त यायला लागलं होतं. बोट नळाखाली धरून ते सवयीनं मनात म्हणाले, चुकीचं अवजार, हातमोजे नाहीत, लक्ष दुसरीकडे. कारखान्यात हे कुणी केलं असतं तर साहेबांनी त्याला तडक घरी पाठवलं असतं. पण ते घरीच होते, त्यामुळे तोही उपाय राहिला नव्हता.

ठोकसाहेब हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पंपाची लोखंडी कवचं ओतणाऱ्या एका कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. रोज सकाळी गेटवर एक छोटी हातोडी घेऊन उभे राहायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचा बूट वाकून ठोकायचे. 'टण' वाजलं की माणूस आत. नाही वाजलं की आला त्या वाटेनं परत. 'आधी ठोका, मग पाय घाला' हे त्यांचं वाक्य कारखान्याच्या प्रत्येक भिंतीवर रंगवलेलं होतं, अगदी संडासाच्या दारावरसुद्धा, आणि तिथे त्याचा अर्थ काय लावायचा यावर कामगारांत मतभेद होते. आवारात बूट काढायचा नाही, कामाच्या जागी फोन न्यायचा नाही, हे नियमही त्यांचेच.

असा माणूस स्वतःच्याच बुटातली टोपी उपटत का बसला होता, हे सांगायचं तर त्यांच्या मुलीपासून सुरुवात करावी लागते. तिला घरात टिटवी म्हणत. तान्ही असताना ती रडायला लागली की तळमजल्यावरचे लोक चौथ्या मजल्यावर येऊन चौकशी करायचे, म्हणून टिटवी. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि गेलं वर्षभर घरात 'हो', 'नाही' आणि 'गॅस संपलाय' यापलीकडे काही बोलत नव्हती.

गेल्या वर्षी सुरक्षा दिनाच्या सकाळी साहेबांची बायको ओट्यापाशी उभ्या उभ्या कोसळली. घरात टिटवी एकटी होती. तिनं बापाला फोन लावला, पुन्हा लावला, लावत राहिली. फोन कारखान्याच्या कपाटात वाजत राहिला. गेटवरचा फोनही कुणी उचलला नाही, कारण गेटवाल्यासकट सगळे पटांगणात साहेबांचं प्रात्यक्षिक बघायला जमले होते. दर वर्षी सुरक्षा दिनाला साहेब मधोमध ताठ उभे राहत आणि मुकादम कमरेएवढ्या उंचीवरून पंधरा किलोचं लोखंडी वजन त्यांच्या बुटावर सोडे. टण आवाज होई, साहेब एका पायावर उडी मारून दाखवत आणि लोक टाळ्या वाजवत. त्या दिवशीही वाजवल्या. त्या थांबल्यावर साहेब कपाटापाशी गेले आणि त्यांनी फोन पाहिला.

आईचे दिवस आटोपून माणसं पांगल्यावर टिटवीनं त्यांना एकच विचारलं होतं. "टाळ्या पडल्या का?"

साहेब खोटं बोलू शकले असते, पण त्यांना ते कधीच जमलं नव्हतं. "पडल्या," ते म्हणाले. त्यानंतर टिटवीनं बोलणं टाकलं.

हे असंच चाललं असतं, पण मधे एक पिशवी आली. मुठीएवढी लोकरीची विणलेली पिशवी, आत दाणे भरलेले. हात न लावता ती नुसत्या पायांनी हवेत ठेवायची असते. या खेळाला आणि त्या पिशवीला दोघांनाही फुटबॅग म्हणतात. टिटवी तो कॉलेजात शिकली होती. पिशवी मात्र आईनं विणून दिलेली होती, उरल्यासुरल्या तीन लोकरींची, एकीचा दुसरीशी रंग न जुळणारी. रोज संध्याकाळी उजेड असेपर्यंत टिटवी इमारतीखालच्या गाड्यांच्या जागेत एकटीच ती पायांनी उडवत राहायची.

एका संध्याकाळी साहेब कारखान्यातून आले आणि पिशवी उडून त्यांच्यासमोर आली. त्यांनी घाबरून पाय वर केला. पिशवी बुटाच्या बाजूला लागून नेमकी टिटवीकडे परत गेली.

"बरी आली," टिटवी म्हणाली.

साहेब जिन्यात थांबले आणि ते दोन शब्द त्यांनी मनात पुन्हा म्हणून पाहिले. दुसऱ्या दिवशी ते वर न जाता तसेच, हातात डबा आणि पायात सेफ्टी बूट, तिच्यासमोर उभे राहिले.

आठवड्याभरात त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पिशवी हवेत असली की टिटवी बोलते. डोळे पिशवीवर, बापाच्या तोंडाकडे बघायचं नाही, आणि मग तोंडातून शब्द येतात. पिशवी पडली की बोलणं जिथल्या तिथे बंद.

"काल त्या लायब्ररीवाल्या बाई आहेत ना, त्यांनी अख्ख्या वाचनालयासमोर—" टिटवी म्हणाली आणि पिशवी साहेबांच्या बुटावर आपटून स्कूटरखाली गेली.

"काय केलं बाईंनी?"

टिटवीनं वाकून पिशवी काढली, झटकली आणि खिशात टाकली. "अंधार पडला," ती म्हणाली आणि जिना चढून गेली. लायब्ररीवाल्या बाई तशाच लटकत राहिल्या. साहेबांना त्या रात्रभर पुरल्या.

दोष बुटांचा होता. सेफ्टी बुटाचं टोक म्हणजे दगड. पिशवी त्यावर झेलायला जावं तर ती उसळून भलतीकडेच जायची. वर जाऊन बूट बदलून यावं तर तेवढ्यात उजेड संपायचा. साहेबांनी डबा खायच्या सुट्टीत भंगाराच्या ढिगामागे सराव सुरू केला, एका जुन्या मोज्यात वाळू भरून. पण तिथेही पायात तेच बूट. आवारात बूट काढायचा नाही हा नियम ज्यानं केला त्या माणसाला त्यांनी त्या आठवड्यात पुष्कळ शिव्या घातल्या.

म्हणून ती रविवारची दुपार. सुरी मोडल्यावर साहेबांनी पक्कड घेतली, मग पटाशी. चामडं उसवून त्यांनी दोन्ही टोप्या ओढून काढल्या आणि उसवलेलं तोंड सोल्यूशन लावून चिकटवलं. टोपी गेलेला बूट दात काढलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला, पण घालून पाहिला तर पाय पिसासारखा हलका. सोमवारी भंगारामागे वाळूचा मोजा पहिल्यांदाच त्यांच्या पायावर बसला आणि बसून राहिला.

"साहेब, हे काय?" मागून मुकादमाचा आवाज आला.

मुकादम हा आडदांड, मऊ मनाचा माणूस. दर वर्षी साहेबांच्या पायावर वजन सोडायचं काम त्याचं, आणि त्या दिवशी तो सकाळपासून जेवत नसे. त्यानं साहेबांच्या पट्ट्यातली हातोडी काढली, वाकला आणि त्यांचा बूट ठोकला. 'धप' असा आवाज आला.

"साहेब, तुमचा बूट वाजत नाही."

"मला माहीत आहे."

"आता मी तुम्हाला घरी पाठवायचं का?"

साहेबांनी त्याला सगळं सांगितलं. लायब्ररीवाल्या बाईंचंही सांगितलं. मुकादमानं हातोडी परत साहेबांच्या पट्ट्यात अडकवली. "मशीनकडे फिरकू नका मग," तो म्हणाला. "आणि सुरक्षा दिनाचं काय? मी वजन याच्यावर टाकणार नाही."

"त्याला वेगळा जोड आहे. घरी डब्यात. वर्षातनं एकदाच घालतो."

"मग ठीक," मुकादम म्हणाला. "टाका इकडे तो मोजा."

त्या संध्याकाळी पिशवी खूप वेळ हवेत राहिली. टिटवीच्या नजरेतून बूट सुटले नाहीत.

"बाबा, हे उंदरांनी कुरतडलं का?" पिशवी उडवत तिनं विचारलं.

"मी केलं."

"तू? तू सेफ्टीवाला आहेस ना?"

"गेटच्या आत."

टिटवी हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली, आणि त्या नादात साहेबांचा पाय चुकता चुकता राहिला. "असं नसतं करायचं. चामडं आतून उसवायचं, म्हणजे बाहेरनं दिसत नाही. खालची दोन भोकं रिकामी सोडायची, लेस तिसऱ्यापासून ओवायची. मग टोक पसरतं, पिशवी बसते. आणि आतली कड पॉलिशपेपरनं घासून सपाट करायची." पिशवी वर गेली, खाली आली. "याचं आता काही होणार नाही. हा बूट तू मारून टाकलायस."

साहेबांनी घरी जाऊन खालची दोन भोकं रिकामी सोडली. पुढच्या दिवसांत टिटवी प्राध्यापकांवर बोलली, पैसे घेऊन स्कूटर शिकवणाऱ्या माणसावर बोलली, एकदा तर आईच्या भाजीत मीठ जास्त व्हायचं यावरही बोलली. सुरक्षा दिन जवळ आला होता. म्हणजे तो दिवसही जवळ आला होता. दोघंही त्याचं नाव काढत नव्हती.

शेवटी साहेबांनीच काढलं, पिशवी हवेत असताना. "या वर्षी मी डेमोला जाणार नाही. रजा घेतो."

पिशवी पडली. टिटवी खाली वाकली आणि पिशवी जमिनीवर असतानाच म्हणाली, "बरं." साहेबांच्या दृष्टीनं हा त्या वर्षातला सगळ्यात मोठा शब्द होता.

मॅनेजरला मात्र तसं वाटलं नाही. "रजा? सुरक्षा दिनाला? साहेब, हेड ऑफिसच्या मॅडम येतायत. फोटोवाले येतायत. तुम्ही नसलात तर वजन कुणाच्या पायावर टाकू?"

"तुमच्या."

"चेष्टा नको." मॅनेजरचा चेहरा उतरला होता. हा माणूस गेली कित्येक वर्षं गेटशेजारच्या 'अपघाताविना दिवस' या फलकाकडे बघूनच झोपायला जायचा. "सकाळी नऊला या, पाच मिनिटं उभे राहा, दहाला घरी जा. कुणाला कळणारसुद्धा नाही."

कुणाला कळणारसुद्धा नाही, हे साहेबांना पटलं. म्हणजे पटवून घेतलं. त्या दिवशी टिटवीला सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी ती दहापर्यंत उठत नाही. ती उठायच्या आत जायचं आणि यायचं. तिला सांगायला हवं होतं, पण सांगायला गेले की ते 'बरं' परत घेतलं जाईल अशी त्यांना भीती वाटायची. सज्जन माणूस लबाडी करायला निघाला की ती किती ढिसाळ करतो, याचा हा नमुना.

त्याच दिवसांत टिटवीच्या खोलीचं दार बंद असायचं आणि आतून खस् खस् आवाज यायचा.

"काय चाललंय?" साहेबांनी बाहेरून विचारलं.

"प्रोजेक्ट."

साहेबांनी जास्त चौकशी केली नाही. आपलंच मन खात असलेला माणूस दुसऱ्याच्या बंद दारावर फारसं बोट ठेवत नाही.

सुरक्षा दिनाच्या सकाळी ते चोरपावलांनी उठले. बाहेरच्या खोलीत दिवा न लावता त्यांनी बुटांच्या कपाटातून प्रात्यक्षिकाच्या जोडाचा डबा काढला आणि जिन्यात बसून बूट पायात चढवले. ते हलके आहेत हे जाणवायला हवं होतं, पण पायाला आता हलकंच अंगवळणी पडलं होतं. खालची दोन भोकं रिकामी होती, पण डोळ्यांना आता तेच बरोबर दिसत होतं. राहता राहिलं ठोकून पाहणं. हातोडी पट्ट्यालाच होती. पण जिन्यात 'टण' वाजला असता तर टिटवी जागी झाली असती. म्हणून सगळ्या कारखान्याला ठोकायला शिकवणारा माणूस न ठोकता निघाला. वाजला नसता, हे त्यांना कळायला दोन तास होते.

पटांगणात सगळे जमले होते. हेड ऑफिसच्या मॅडम पहिल्या रांगेत, शेजारी मॅनेजर. नवेकोरे सेफ्टी बूट दोघांच्याही पायात. मॅनेजरचं भाषण लांबलं. मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. मुकादम वजन धरून पुढे आला. त्याचा चेहरा उपाशी माणसाचा होता.

"साहेब, आधी ठोकून दाखवायचा ना?" त्यानं हळूच विचारलं.

"राहू दे. लवकर उरक. मला दहाला घरी पोचायचंय."

मुकादमानं डोळे मिटले आणि वजन सोडलं.

आवाज ओल्या मातीत कुदळ मारावी तसा आला. टिटवीनं काम सुबक केलं होतं. चामडं आतून उसवलेलं, टाके न दिसणारे, कड घासून सपाट, आणि टोकात टोपीच्या जागी साहेबांची बोटं. साहेबांना पहिल्या क्षणाला दुखलंच नाही. दुसऱ्या क्षणाला दुखलं आणि त्याच वेळी सगळं समजलंही. बंद दार, खस् खस्, प्रोजेक्ट. पोरीला वाटलं होतं आज डेमो नाही. पोरीनं त्यांच्यासाठी बूट केले होते.

समोर तीनेकशे माणसं बघत होती. आता आपण ओरडलो तर उद्यापासून यांतला एकही जण बूट घालणार नाही, एवढं साहेबांना त्याही स्थितीत कळत होतं. ते ताठ उभे राहिले.

"पाहिलंत?" ते म्हणाले. आवाज थोडा वर गेला होता. "काही होत नाही."

टाळ्या वाजल्या. उडी मारून दाखवायची वेळ आली होती. साहेबांनी डाव्या पायावर मारली, दर वर्षी ते उजव्यावर मारत. फरक फक्त मुकादमाच्या लक्षात आला. त्यानं वजन उचलण्यासाठी वाकून बुटाकडे पाहिलं आणि तो पांढराफटक पडला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण आमचे फोटोवाले तयार नव्हते. पुन्हा एकदा कराल?"

"अवश्य," मॅनेजर म्हणाला. पाय त्याचा नव्हता.

"साहेब, नको," मुकादम पुटपुटला. "बुटातनं रक्त येतंय."

"नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील," साहेब ओठ न हलवता म्हणाले. "टाक."

"माझ्याच्यानं होणार नाही."

"बाजूला टाक मग."

मुकादमानं वजन पुन्हा कमरेपर्यंत उचललं. फोटोसाठी मॅनेजर सरकून साहेबांना खेटून उभा राहिला, हसरा चेहरा करून. मुकादमाचे डोळे पाण्यानं भरलेले. त्याला साहेबांचा पाय चुकवायचा होता, आणि तो त्यानं पक्का चुकवला. वजन मॅनेजरच्या बुटावर पडलं.

टण.

मॅनेजरनं खाली पाहिलं, मग बोटं हलवून पाहिली. सगळी जागेवर होती. इतकी वर्षं ज्या बुटांच्या बिलावर तो सही करत होता ते खरंच चालतात, ही बातमी त्याला त्या क्षणी मिळाली. "अरे," तो म्हणाला, "काहीच झालं नाही." मग त्यानं आपण होऊन उडी मारली. कधी नव्हत्या एवढ्या टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. मॅडमनी त्याचा हात हातात घेतला. "मॅनेजरनं स्वतः पाय पुढे करायचा, याला म्हणतात प्रात्यक्षिक." फोटोवाल्यांनी त्याला घेरलं. साहेबांकडे बघायला कुणी उरलं नाही आणि ते सावकाश खाली बसले.

मुकादमानं त्यांना माल वाहायच्या हातगाडीवर बसवलं. "बूट काढू?"

"गेटच्या आत काढायचा नाही."

"साहेब, आता तरी."

"नियम आहे," साहेब म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "आणि कुणी बघितलं तर? बाहेर चल."

हातगाडी गेटकडे निघाली. गेटवर वेगळाच गोंधळ चालला होता. चपला घातलेली एक मुलगी गेटवाल्याशी भांडत होती आणि गेटवाला तिला भिंतीवरचं वाक्य वाचून दाखवत होता.

टिटवी आज दहापर्यंत झोपली नव्हती. आजच्या दिवशी तिला झोप येणार नव्हती हे बापाला सुचायला हवं होतं. उठून पाहिलं तर बाप नाही, डबा रिकामा. तिनं फोन लावला, पुन्हा लावला, लावत राहिली. फोन कपाटात वाजत होता. मग ती स्कूटर काढून निघाली. गेल्या वर्षी तिला यायला जमलं नव्हतं, या वर्षी ती आली होती, आणि तिच्यासमोर बाप हातगाडीवर डोक्याला हेल्मेट घालून ताठ बसून येत होता.

"बाबा, कुठला जोड घातलास?"

"डब्यातला."

"ठोकून नाही बघितलास?"

"नाही."

टिटवी गेटबाहेरच्या फुटपाथवर बसली. मुकादम साहेबांची लेस सोडवायला लागला होता. "त्याच्या टोप्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत," ती म्हणाली. "आज संध्याकाळी देणार होते. तू जाणार नाही म्हणालास, बाबा."

"म्हणालो होतो."

"मला सांगायचंस तरी."

"सांगायला हवं होतं," साहेब म्हणाले.

"बाकी काम फर्स्टक्लास केलंय हां पोरीनं," मुकादम मान खाली घालून म्हणाला. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "टाका दिसत नाही कुठं." मग बूट निघाला.

टिटवीनं त्या पायाकडे पाहिलं. वर्षापूर्वीचा प्रश्न तिच्या तोंडून पुन्हा आला, पण आवाज वेगळा होता. "टाळ्या पडल्या का?"

"पडल्या," साहेब म्हणाले. "मॅनेजरला."

टिटवी हसायला लागली आणि मग तिला ते थांबवता येईना. गेटवाल्यानं तिला पाणी आणून दिलं. गेल्या वर्षी याच माणसानं फोन उचलला नव्हता, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मॅनेजर धावत बाहेर आला तो गळ्यातला हार न काढताच. त्यानं पाय पाहिला, डोळे झाकले, मग बोटांच्या फटीतून गेटची रेघ पाहिली. "बूट बाहेर काढलात ना? जखम बाहेर दिसली ना? मग हा अपघात बाहेरचा." त्याला हायसं वाटलं. गेटशेजारचा फलक तसाच राहिला, आजही तसाच आहे.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी अंगठा वाचवला. शेजारची दोन बोटं वाचली नाहीत. हाडं जुळायला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि बोटांच्या खालून पुढे प्लास्टरचीच एक फळी काढली, कडा उचललेली, पन्हळीसारखी. "बोटांना काही लागू नये म्हणून," डॉक्टर म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. त्यांना यातलं थोडंफार कळत होतं.

टिटवी रोज यायची. डबा द्यायची, उशी सरळ करायची आणि खुर्चीत बसून राहायची. पुन्हा 'हो', 'नाही'. साहेबांना वर्षभर जे म्हणायचं होतं ते त्यांनी एका दुपारी म्हणून टाकलं. "बूट मी ठोकायला हवा होता. आणि त्या दिवशी फोन मी उचलायला हवा होता. तुझ्या हातून काही झालेलं नाही. दोन्हींची चूक माझीच."

टिटवीनं ऐकलं. खिडकीकडे पाहत राहिली. उत्तर आलं नाही. साहेबांना त्याचं नवल वाटलं नाही, पिशवी हवेत कुठे होती. आणि आता ती हवेत जाणारही नव्हती, निदान त्यांच्याच्यानं. हे त्यांना बोटांपेक्षा जास्त लागलं.

थोड्या वेळानं टिटवी उठली. तिनं खिशातून पिशवी काढली आणि दोन खाटांच्या मधल्या जागेत एकटीच उडवायला लागली, काही सुचत नसलं की उडवायची तशी.

"इथे खेळायचं नाही," दारातून नर्स म्हणाली.

टिटवी दचकली. पाय तिरका लागला. पिशवी खाटेच्या दांड्यावरून आत आली आणि साहेबांच्या प्लास्टरच्या फळीवर, उचललेल्या कडांच्या आत, येऊन बसली. उसळली नाही की घरंगळली नाही. जगातल्या कुठल्याही बुटावर पिशवी इतकी चपखल बसली नसेल.

साहेबांनी श्वास रोखला. नर्स निघून गेली. टिटवी पिशवी उचलायला पुढे झाली आणि हात अर्ध्यावर थांबला. पिशवीला हात लावायचा नसतो.

"पडली नाही," ती म्हणाली.

"नाही," साहेब म्हणाले. "पडणारही नाही. मी पाय हलवत नाही."

टिटवी खुर्ची ओढून खाटेजवळ बसली. डोळे पिशवीवर. त्या तीन न जुळणाऱ्या लोकरींवर.

"बाबा," ती म्हणाली, "त्या लायब्ररीवाल्या बाई आहेत ना..."